मळ्यातल्या मोटरला विजेचा दाब कमी का मिळतो?

मीटरपेटीजवळ 230 व्होल्ट आणि 200 मीटरवर मोटरपाशी 200च, मग वीज मधे जाते कुठं, असं विचारलंयस. वायर खाते, भावा!

तारेचा रोध (विजेला होणारा अडथळा) लांबीबरोबर वाढतो आणि जाडीबरोबर घटतो. 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असेल तर जाऊन-येऊन 400 मीटर होतात (परतीची तार सगळेच विसरतात), म्हणजे साधारण 3 ओहम. मोटरनं 10 अँपिअर प्रवाह ओढला की 10 गुणिले 3, म्हणजे 30 व्होल्ट वाटेतच गेले. तेच 6 चौरसची घातली तर 12 व्होल्टच्या आसपास. ॲल्युमिनियम स्वस्त पडतं, पण त्याच जाडीला रोध दीडपटीहून जास्त. उन्हाचा फरक थोडाच: तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो.

वायर बदलायच्या आधी जोड मात्र बघ. पंचगंगेकाठी आमच्या उसात एक जोड नुसता पिळून टेप मारलेला होता. उघडला तर तांबं काळं पडलेलं आणि टेप वितळून चिकटलेली. एवढ्याशा ढिल्या जोडाचा रोध अख्ख्या वायरीला भारी पडतो. मेन स्विच पाडूनच हात घाल.