ग्रहणात चिरलेलं तवसं

"मॅडम, तो चालेल ना?" सेरेब्रल पाल्सी (वाढत्या मेंदूला इजा होऊन हालचालींवर नीट ताबा न राहणं) असलेल्या मुलाची आई पहिल्या भेटीत हेच विचारते. दुसरा प्रश्न उशिरा येतो, मान खाली घालून येतो. "माझं काय चुकलं?"

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका आईचा अनुभव तिच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाबू तेव्हा अडीच वर्षांचा. तासभर ती माझ्यासमोर बसली, पण त्याला तिने मांडीवरून उतरू दिलं नाही. मी चटई अंथरून ठोकळे मांडले. त्याची नजर ठोकळ्यांवर खिळलेली. "नको, पडेल तो," ती म्हणाली. त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर आवळलेले, टाचा वर उचललेल्या. म्हापशाच्या जिल्हा इस्पितळातून (गावात अजून त्याला आझिलोच म्हणतात) त्याला बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात पाठवलं होतं. तिथे एमआरआय झाला, निदान झालं. फिजिओने व्यायाम शिकवले, पावलांना स्प्लिंट दिले, बसायला खास खुर्ची सुचवली. खुर्ची घरी आलीही होती. ती माळ्यावर होती.

पहिल्या दोन भेटी मी माहिती सांगण्यात घालवल्या. हा आजार संसर्गाचा नाही. मेंदूला झालेली इजा पुढे वाढत नाही, पण स्नायू आखडत जातात, म्हणून व्यायाम थांबवायचे नाहीत. यातल्या जवळजवळ निम्म्या मुलांच्या बुद्धीला धक्का लागलेला नसतो. ती मान डोलवत राहिली. खुर्ची माळ्यावरच राहिली. घाई माझी झाली होती. तिने न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मी देत होते.

तिसऱ्या भेटीत मी एवढंच म्हटलं, "काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय केलंत, ते सांगा." तिने सांगितलं. चूल, पाणी, कपडे, दुकान, सगळं बाबूला कमरेवर घेऊन. मी विचारलं, "पाठ दुखत नाही?"

"दुखते. दुखायलाच हवी."

त्या वाक्यापाशी आम्ही दोघी बराच वेळ थांबलो.

मग ग्रहण बाहेर आलं. २५ ऑक्टोबर २०२२, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सूर्यग्रहण होतं. हिला सातवा महिना. घरात सगळे दारं लावून बसलेले. हिला भूक अनावर झाली, म्हणून स्वयंपाकघरात जाऊन तिने एक तवसं (मोठी गावठी काकडी) चिरलं आणि मीठ लावून खाल्लं. नऊ दिवसांनी कळा सुरू झाल्या. बाळ ३१ आठवड्यांचं, १ किलो ४०० ग्रॅम, महिनाभर काचेच्या पेटीत. सासूबाई एकदाच म्हणाल्या, "तरी मी सांगत होते." फक्त एकदा. ते वाक्य ती अडीच वर्षं उशाशी घेऊन झोपत होती.

अशा वेळी "ही अंधश्रद्धा आहे, सोडून द्या" असं म्हणून चालत नाही. फाईलमध्ये निदान होतं, पण आपल्या बाळाच्या डोक्यात नेमकं काय झालं हे तिला तिच्या भाषेत कळलंच नव्हतं. ती रिकामी जागा तवशाने भरून काढली. मी कागद घेऊन मेंदू काढला. मधोमध पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात. सातव्या-आठव्या महिन्यात त्यांच्या भोवतालच्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात, आणि नेमकी तिथूनच मेंदूचा हुकूम स्नायूंकडे नेणारी वाट जाते. पायांचे तंतू पोकळ्यांच्या सर्वांत जवळ. बाळ लवकर बाहेर आलं आणि तिथला रक्तपुरवठा डळमळला, की इजा त्या जागी होते. म्हणून बाबूचे हात बरेच चांगले आणि पाय अडलेले. तिने कागदावर बोट ठेवलं. "एवढीशी जागा?"

मग मी विचारलं, "तुमच्या वाड्यावर त्या दिवशी आणखी कोण पोटुशी होतं?" तिने दोन नावं घेतली. एक शिवणकाम करणारी. ग्राहकाचे कपडे द्यायचे होते, म्हणून ग्रहणभर तिची कात्री आणि मशीन चालूच होती. तिची मुलगी आता अंगणभर धावते. हे बोलताना ती स्वतःच थांबली. मी पुढे काही जोडलं नाही.

कारण शोधण्यात डॉक्टरसुद्धा अडखळले आहेत. १८६१ साली लंडनमध्ये विल्यम लिटल यांनी अवघड बाळंतपण आणि बाळ गुदमरणं याकडे बोट दाखवलं. १८९७ साली सिग्मंड फ्रॉइड यांनी उलट शंका काढली, की पोटातच काही बिघडलेलं असेल म्हणून तर बाळंतपण अवघड होत नसेल? (मनोविश्लेषणाकडे वळण्याआधी ते मेंदूविकारांचेच डॉक्टर होते.) आज कळतं की बहुतेक मुलांत जन्मावेळचं गुदमरणं हे कारण नसतं. अपुऱ्या दिवसांचा जन्म, गर्भातला संसर्ग, जन्मानंतरची तीव्र कावीळ, कितीतरी वाटा आहेत आणि पुष्कळदा एकच नेमकी वाट सापडत नाही. आईच्या एखाद्या संध्याकाळच्या खाण्याची वाट त्यांत नाही.

चौथ्या भेटीला सासूबाई आल्या. त्यांना बोलवा, असं मी म्हटलंच नव्हतं. बराच वेळ पदराचं टोक बोटांना गुंडाळत बसल्या आणि मग म्हणाल्या, "बाय, त्या रात्री हिच्या पोटात दुखत होतं. मीच म्हटलं, गॅस असेल, ओवा घे, सकाळी बघू." मुलगा तेव्हा दाबोळी विमानतळावर टॅक्सी चालवायचा, तो पहाटे पोचला. त्या घरात तिघांनी तीन अपराध लपवले होते. सासूबाईंनी सुनेच्या तवशाकडे बोट दाखवलं, कारण स्वतःच्या ओव्याकडे बघवत नव्हतं.

"तुमचं काहीच चुकलं नाही," असं मी त्यांना म्हणाले नाही. ते मला माहीत नव्हतं, आणि त्यांना ते खरंही वाटलं नसतं. सुरुवातीच्या कळा भल्याभल्यांना पोटदुखीच वाटतात, आणि त्या रात्री तुम्ही तिचं भलंच बघत होतात, एवढं म्हणाले. पण हे वाचणाऱ्या घरांना स्पष्ट सांगते: ३७ आठवड्यांच्या आधी पोट ठरावीक अंतराने आवळू लागलं, पाणी किंवा रक्त जाऊ लागलं, तर सकाळची वाट पाहू नका. वेळेत पोचलं तर बाळाची फुफ्फुसं आणि मेंदू जपण्यासाठी आईला इंजेक्शनं देता येतात. हे लिहिताना आजींचा चेहरा डोळ्यांसमोर येतो, तरीही लिहिते.

आता पहिला प्रश्न. चालेल का? आधाराशिवाय बसणं दोन वर्षांच्या आत जमलं, तर पुढे चालण्याची आशा चांगली असते, मग ते काठीने असो वा वॉकरने. बाबू बावीसाव्या महिन्यात बसला होता, पण दोन्ही हात जमिनीवर टेकवून. म्हणजे खेळायला हातच उरत नाहीत. खुर्चीत पाठ टेकली की हात मोकळे होतात. आईला मात्र वाटत होतं, खुर्चीत बसवणं म्हणजे चालण्याची आशा सोडणं. आणि कमरेवरून उतरवणं म्हणजे आपल्या शिक्षेतून पळ काढणं. हे दोन्ही बोलून झाल्यावर खुर्चीबद्दल मला पुन्हा काही सांगावं लागलं नाही.

कागदपत्रंही मार्गी लागली: अपंगत्वाचा दाखला, यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं देशभर चालणारं ओळखपत्र), गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा अर्ज आणि केंद्राच्या 'निरामय' योजनेचा १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा. 'निरामय'बद्दल फार कमी पालकांना माहीत असतं, म्हणून मुद्दाम लिहिलं. वडिलांनी त्यासाठी मोपा विमानतळावरच्या टॅक्सीला दोन दिवस सुट्टी दिली.

चवथीच्या आदल्या संध्याकाळी तिने फोटो पाठवला. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीची फळं जमिनीवर पसरलेली, शेजारी खुर्चीत बाबू. आजींनी त्याच्या हातात एक तवसं दिलेलं, दोन्ही हातांनी धरलेलं. खाली तिने लिहिलं होतं: "पट्टा जरा सैल दिसतो ना? तो डावीकडे कलतोय. सोमवारी फिजिओला विचारते."