बेस दिल्लीला, घर नागपूरला: सुट्टी नेमकी कधी सुरू होते?

"नवरा वैमानिक आहे. बेस दिल्लीला, आम्ही नागपूरला. महिन्याचे दिवस मोजले तर तो घरी बऱ्यापैकी असतो. पण आला की झोपतो आणि उठला की चिडतो. आम्हीच सगळ्यांनी दिल्लीला जाऊन राहावं का?"

मी समुपदेशक आहे. विमान कंपन्यांत काम करणाऱ्यांच्या घरांतून हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. इथे ज्या जोडप्याबद्दल लिहिते आहे, त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती कॉलेजात शिकवते. घरी सासूबाई आणि तिसरीतली मुलगी. तिची तक्रार साधी होती. तो आला की खिडकीवर काळे पडदे, कूलर सुरू, दुपारभर घरात कुजबूज. सासूबाई म्हणणार, "झोपू दे त्याला." मुलगी दाराशी जाऊन परत येणार. आणि संध्याकाळी उठून तो विचारणार, "मला कुणी उठवलं का नाही?"

तो पहिल्या भेटीत फारसा बोललाच नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "मॅडम, हे कुठे नोंदलं जातं का?" ही भीती मला वैमानिकांमध्ये नेहमी दिसते, आणि ती समजण्यासारखी आहे, कारण त्यांचं पोट वैद्यकीय तपासणीवर चालतं. मी त्याला स्पष्ट सांगितलं: इथलं बोलणं इथेच राहतं, फक्त कुणाच्या जिवाला धोका दिसला तर गोपनीयतेला मर्यादा येते. वैद्यकीय तपासणीत आजार लपवायला मी कधीच सांगणार नाही. पण घरात ताण आहे म्हणून समुपदेशकाकडे येणं म्हणजे आजार नव्हे.

इथे बेसचं गणित सांगायला हवं. वैमानिकाची ड्यूटी जिथून सुरू होते आणि जिथे संपते ते शहर म्हणजे बेस. तिथवर वेळेत पोचणं ही ज्याची त्याची जबाबदारी. कंपनीने कामासाठी दुसऱ्या शहरात प्रवासी म्हणून पाठवलं तर तो वेळ ड्यूटीत धरतात. घरून बेसला जाण्याचा वेळ धरत नाहीत, मग कुणी दिल्लीतल्याच द्वारकेहून टॅक्सीने येवो की नागपूरहून विमानाने. त्यात तो यायचा-जायचा स्टाफ तिकिटावर, म्हणजे सीट रिकामी असेल तर. दिवाळीत आणि लग्नसराईत ती मिळण्याची खात्री नाही. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्याने विमानच वेळेवर सुटेल की नाही, हेही सांगता येत नाही.

"पण आता तर आठवड्याची सुट्टी ४८ तासांची झाली ना?" तिने विचारलं. बरोबर होतं. जुलै २०२५ पासून आपल्याकडे वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. पण ते ४८ तास दिल्लीत सुरू होतात आणि दिल्लीतच संपतात. नागपूरला येणं-जाणं त्यातूनच कापलं जातं. कंपनीच्या हिशेबात ती विश्रांती, घरच्यांच्या हिशेबात तो घरी, आणि त्याच्या शरीराच्या हिशेबात निम्मा वेळ विमानतळावर. भांडणाचं मूळ मला इथे दिसलं.

मी त्यांना मागच्या महिन्याचा रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, आणायला सांगितला आणि ड्यूटीच्या रकान्याशेजारी झोपेचा रकाना आखायला लावला. प्रत्येक दिवशी किती तास झोप, कुठे, आणि ड्यूटी संपेपर्यंत सलग किती तास जागा. तो भरताना त्याचा हात एका तारखेवर थांबला. जानेवारीतली तारीख. नागपूरहून संध्याकाळचं विमान धुक्यामुळे उशिरा सुटलं, दिल्लीत उतरला तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि साडेचारला रिपोर्टिंग होतं, म्हणजे ड्यूटीवर हजर व्हायचं होतं. तो दिल्लीतल्या भाड्याच्या खोलीवर गेलाच नाही. विमानतळावरच बसून राहिला, आणि मग विमान घेऊन गेला. बायकोला हे तिथे, माझ्यासमोर, पहिल्यांदा कळलं.

इथे मी तटस्थ राहिले नाही. नवरा-बायकोत मी बाजू घेत नाही, पण त्या विमानात मागे बसलेली माणसंही माझ्या लेखी होती. अमेरिकेत १२ फेब्रुवारी २००९ रोजी नेवार्कहून बफलोला जाणारं विमान कोसळलं आणि ५० जण गेले. सहवैमानिक सिएटलहून रात्रभर प्रवास करून बेसला आली होती, कॅप्टनने आदली रात्र विमानतळावरच्या क्रूच्या खोलीत काढली होती. तपासात मुख्य कारण विमानाने दिलेल्या धोक्याच्या इशाऱ्याला कॅप्टनने दिलेला चुकीचा प्रतिसाद हेच ठरलं. थकव्याने दोघांची कामगिरी बिघडली असावी, पण किती ते ठरवता येत नाही, असंही तपास यंत्रणेने म्हटलं. त्यानंतर वैमानिकांच्या अशा प्रवासाचा तिथे अभ्यास झाला. २०११ च्या त्या अहवालाने किलोमीटरपेक्षा झोपेवर बोट ठेवलं: रिपोर्टिंगआधी किमान सहा तास झोप, आणि ड्यूटी संपेपर्यंत सलग जागेपणी साधारण सोळा तासांच्या पुढे जाऊ नये.

हे दोन आकडे आम्ही त्याच्या रोस्टरवर ठेवले. साडेचारचं रिपोर्टिंग म्हणजे तीनला उठणं, म्हणजे रात्री नऊला अंथरुणात. म्हणजे नागपूर दुपारीच सोडायला हवं, आणि दुपारचं विमान हुकलं तरी हाताशी आणखी एक हवं. ज्याला घरात "चार दिवस" म्हणत होते, ते खरे तीनही भरत नव्हते.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "शेवटच्या फ्लाइटने जा असं मीच म्हणत होते. आई पण म्हणायच्या, जेवून जा." आणि तो? मुलीला झोपवून निघता यावं म्हणून तो आनंदाने थांबायचा. सगळ्यांनी मायेपोटीच केलं होतं. दोष द्यावा असं त्यात कुणी नव्हतं, पण ते थांबवणं गरजेचं होतं.

मग ठरलं ते असं. पहाटेचं रिपोर्टिंग असेल तर आदल्या दुपारी निघायचं, त्यावर घरात चर्चा नाही. दिल्लीत चौघांत मिळून घेतलेली खोली सोडायची, कारण तिथे दर दोन-तीन तासांनी कुणीतरी येतं किंवा निघतं. त्याऐवजी लहान का होईना, एकट्याची खोली. खर्च वाढला, वर्षाची सहल गेली. युरोपातल्या नियामकाच्या मार्गदर्शनातही हाच सल्ला आहे: घरून बेसला नेहमी ९० मिनिटांहून जास्त लागत असतील तर जवळ तात्पुरती सोय बघावी. आणि प्रवास फसून झोप झालीच नाही, तर शेड्युलिंगला, म्हणजे ड्यूट्या लावणाऱ्या विभागाला, फोन करून "अनफिट", म्हणजे आज उडायच्या स्थितीत नाही, असं सांगायचं. हे वाक्य त्याने माझ्यासमोर मोठ्याने म्हणून पाहिलं. दोनदा अडखळला. कंपनीत कुणी काय म्हणेल ही धास्ती खोटी नाही. पण बायको म्हणाली, "पगार कापला तर कापू दे," आणि त्या वाक्याने जे झालं ते माझ्या सल्ल्याने झालं नसतं.

घरी आल्यावरची पहिली झोप ही ड्यूटीचाच भाग धरायची, असंही ठरलं. ती संपेल तिथून "बाबा घरी". मुलीला हे सांगायचं काम त्याच्याकडे दिलं. आठ वर्षांच्या मुलीला ते मोठ्यांपेक्षा लवकर पटलं.

दिल्लीला हलायचं का, याचं उत्तर मी दिलं नाही. तिची नोकरी, सासूबाईंचे गुडघे, शाळा हे सगळं खरं आहे. पण थकलेल्या माणसाशी हा निर्णय घेऊ नका, दोन महिने नीट झोपलेल्या माणसाशी घ्या, एवढं मी आग्रहाने सांगितलं. त्यांनी शाळेच्या प्रवेशाआधीची तारीख धरली. त्या दिवशी बसून एक वर्ष नागपुरातच राहायचं ठरलं आणि त्याने जवळच्या बेससाठी अर्ज केला. अजून उत्तर आलेलं नाही. दुपारी निघताना मुलगी अजूनही रुसते.

तुमच्या घरात असंच असेल तर आधी झोपेचा रकाना भरून पाहा. सुट्टीत सलग दोन-तीन रात्री पुरेशी झोप होऊनही चिडचिड, उदासी किंवा छातीतली धडधड जात नसेल, तर तो केवळ प्रवासाचा थकवा समजून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. कंपनीत सहकाऱ्यांनीच चालवलेली आधार व्यवस्था असेल, तर तिथेही बोला. वैमानिकाला त्याची अडचण दुसऱ्या वैमानिकापुढे फार समजावून सांगावी लागत नाही.