रूट कॅनल : ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली असे नव्हे

रूट कॅनल म्हणजे दाताच्या मुळातील नलिका आतून स्वच्छ करण्याचा उपचार. त्याविषयी येणाऱ्या प्रश्नांपैकी बरेचसे एकाच गैरसमजातून आलेले असतात, म्हणून काही निवडक प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : रूट कॅनल करताना फार दुखते का?

भूल नीट चढली असेल तर दुखत नाही. नंतर दोन-तीन दिवस चावताना दाढ हुळहुळते. त्याहून अधिक त्रास झाल्यास आपल्या डॉक्टरांना कळवावे.

प्रश्न : माझी खालची दाढ आठवडाभर रात्री ठणकत होती. डॉक्टरांनी रूट कॅनल सुचवले, पण औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी पाच दिवसांत दुखणे थांबले. आता तीन महिने काहीही त्रास नाही. तरीही उपचार हवेत का?

हवेत, आणि ते तीन महिन्यांपूर्वीच व्हायला हवे होते. आपण ज्याला सरसकट ‘नस’ म्हणतो, तो रक्तवाहिन्या आणि चेतातंतूंचा मऊ गर दाताच्या आतल्या पोकळीत असतो. कीड तेथवर पोहोचली की गराला सूज येते. परंतु सभोवती कठीण भिंती असल्यामुळे त्या सुजेला पसरायला जागा मिळत नाही, आतला दाब वाढतो आणि आडवे झाल्यावर ठणका असह्य होतो. गरम चहाने कळ उठावी आणि गार पाणी तोंडात धरल्यावर बरे वाटावे, ही बहुतेक वेळा गर वाचण्यापलीकडे गेल्याची खूण असते. त्यानंतर तो मरतो, आणि मेलेल्या नसेला वेदना होत नाही. आपले दुखणे बहुधा असेच थांबले आहे.

अशा गोळ्यांतले प्रतिजैविक (अँटिबायोटिक) रक्तावाटे पोहोचते. मृत गरात रक्तच फिरत नाही, मग गोळी तेथे जाणार कशी? आतले जंतू मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात, तेथील हाड हळूहळू झिजते आणि एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळसर डाग दिसू लागतो. कधी हिरडीवर बारीक पुटकुळी येते, ती फुटून तोंडात खारट चव येते आणि पुवाला वाट मिळाल्यामुळे रुग्णाला काहीच दुखत नाही. ही शांतता मला सर्वांत अधिक चिंतेची वाटते, कारण तिच्याच भरवशावर महिने निघून जातात आणि वाचू शकणारी दाढ काढावी लागते. अशा दाढेची सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरली, तोंड उघडेना, गिळता येईना, तर श्वासमार्गालाही धोका असतो. तेव्हा सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

दुकानदाराला आपली दाढ दिसत नाही, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक देण्याचा त्याला अधिकारही नाही. याच आठवड्यात दंतवैद्याकडे जाऊन नवा एक्स-रे काढून घ्यावा; दाढ वाचेल की नाही, हे तो पाहिल्यावरच सांगता येईल.

प्रश्न : ‘लेझरने एकाच बैठकीत रूट कॅनल, निम्म्या दरात, कॅपला आजीवन वॉरंटी’ अशी जाहिरात पाहिली. जावे का?

किती बैठका लागतील, हे दाताची अवस्था ठरवते. जाहिरात ठरवू शकत नाही. काही दातांचे काम एका बैठकीत उत्तम होते, पण पू वाहत असलेल्या दाढेला अनेकदा अधिक वेळ द्यावा लागतो. लेझर फार तर पूरक साधन आहे. मुळातील नलिका बारीक फाइलींनी घासून, सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने धुऊनच स्वच्छ कराव्या लागतात. वरच्या पहिल्या दाढेत तीन नलिका सहज सापडतात आणि चौथी पुष्कळदा लपलेली असते. ती राहून गेली तर जंतू तेथेच राहतात. वॉरंटी असते ती कॅपची, तिच्याखालच्या दाढेची नव्हे. काम करताना दाताभोवती रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबराचा पातळ पडदा) लावणार का आणि उपचारापूर्वी व नंतर एक्स-रे काढणार का, हे दोन प्रश्न तेथे विचारावेत. उत्तर टाळले गेले, तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

प्रश्न : रूट कॅनल झाले, दुखत नाही. कॅप दिवाळीनंतर बसवली तर चालेल का?

लांबवू नये. किडीने आणि उपचाराने आतून पोखरलेल्या दाढेच्या भिंती पातळ झालेल्या असतात. सुपारी किंवा कडक चकली चावताना भेग मुळापर्यंत गेली, तर दाढ काढण्यावाचून सहसा पर्याय उरत नाही. शिवाय वरचे तात्पुरते सिमेंट झिजून लाळ आत झिरपली की साफ केलेल्या नलिका पुन्हा दूषित होतात. पुढच्या दातांना प्रत्येक वेळी कॅप लागतेच असे नाही; ते आपल्या डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : वरच्या दाढेच्या उपचारांनी नजर कमी होते, असे घरचे म्हणतात.

होत नाही. दाताच्या आणि दृष्टीच्या नसा वेगळ्या आहेत.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा आहे. त्याची शेवटची खालची दाढ किडली आहे. दुधाचीच आहे, पडेल, म्हणून थांबलो आहोत.

ती बहुधा दुधाची नाही. पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून पालकांच्या ती लक्षातच येत नाही. या वयात तिची मुळे अजून वाढत असतात. गराचा निरोगी भाग वाचवता आला तर ती वाढ पूर्ण होऊ शकते, आणि गर पूर्ण मेला तर उपचार फार अवघड होतात. दाढ खरोखर दुधाची निघाली, तरी त्या जागेची दुधाची दाढ वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत टिकायला हवी. मुलाला बालदंततज्ज्ञांकडे लगेच न्यावे.