गेटचे पैसे, तंबूचे पैसे

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं, की उन्हाळ्यात अमेरिकेतल्या नॅशनल पार्कला जाणार असाल तर बुकिंगचे प्रश्न पाठवा. पत्रांचा ढीग आला. शब्द वेगळे, पण बहुतेकांचा प्रश्न एकच : ताई, पैसे परत मिळतील का? पुण्यात बँकेच्या काउंटरमागे एकतीस वर्षं काढलेल्या बाईला हा प्रश्न नवीन नाही. आता वर्षातले सहा महिने सॅक्रामेंटोला लेकीकडे असते, तर तिथेही तोच.

उत्तरांआधी एक सांगते, म्हणजे निम्म्या पत्रांचं काम होईल. पार्कच्या सहलीत तीन वेगवेगळे पैसे भरले जातात आणि लोक ते एकाच डब्यात टाकतात. पहिले गेटचे : गाडीमागे प्रवेश शुल्क किंवा वार्षिक पास. दुसरे वेळेच्या बुकिंगचे, म्हणजे अमुक तासाला आत सोडतील त्याचे एक-दोन डॉलर. तिसरे मुक्कामाचे. पहिले दोन एकदा गेले की गेले. झगडायचं असेल तर तिसऱ्यासाठी.

प्रश्न : ताई, योसेमिटीत अप्पर पाइन्सला शुक्रवारपासून तीन रात्रींची तंबूची जागा मिळाली आहे. सासू-सासरे नागपूरहून येणार होते, पण सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. मिस्टर म्हणतात, आत्ता रद्द करू नकोस, एखादा मित्र येईल, गुरुवारी बघू. थांबलो तर किती नुकसान?
— एक वाचक, फ्रीमाँट

उत्तर : मिस्टरांना सांगा, गुरुवार उशिराचा आहे. बुधवारी रात्री नऊच्या आत काय ते ठरवा.

हिशेब मांडते. जागेचे रात्रीला ३६ डॉलर, म्हणजे तीन रात्रींचे १०८. वेळेत रद्द केलंत तर सरकारी बुकिंगची साइट १० डॉलर कापते आणि ९८ परत करते. येण्याच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी रद्द केलंत तर ते 'उशिरा' धरतात : १० डॉलर आणि शिवाय पहिल्या रात्रीचं भाडं. हातात उरतात ६२. आणि काहीच न करता घरी बसलात, तर १० च्या जागी २० कापतात आणि पहिली रात्र जाते ती जातेच. म्हणजे ५२. एकाच रात्रीचं बुकिंग असेल तर उशिरा रद्द केल्यावर वरचे १० कापत नाहीत, पण परत द्यायलाही काही उरत नाही.

आता बुधवार का? कारण 'आदला दिवस' ते अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाने मोजतात. तिकडे मध्यरात्रीचे बारा वाजून गुरुवार लागतो, तेव्हा तुमच्याकडे कॅलिफोर्नियात बुधवारचे रात्रीचे नऊ झालेले असतात. माझ्या लेकीने हे एकदा साडेनऊला शिकून घेतलं. जेवणाची भांडी आवरून मग लॅपटॉप उघडला होता. त्या अर्ध्या तासात छत्तीस डॉलर गेले.

तारखा बदलून घेऊ म्हणाल, तर त्यालाही १० डॉलर पडतात. आणि मित्राचं म्हणाल, तर योसेमिटीची जागा ज्याच्या नावावर असते, तो ओळखपत्र घेऊन हजर लागतो. तुम्ही स्वतः जाणार असाल आणि मित्र सोबत असतील, तर प्रश्नच नाही. 'आमच्या नावावर तुम्ही जाऊन या' हे जमणार नाही.

एक मात्र पदरचं सांगते. ही जागा तुम्हाला कशी मिळाली ते आठवा. पाच महिने आधी, महिन्याच्या पंधरा तारखेला, सकाळी सातला साइट उघडते. आमच्याकडे त्या दिवशी तीन लॅपटॉप आणि जावयाचे दोन फोन टेबलावर मांडलेले असतात, आणि सात वाजून दोन मिनिटांनी सगळ्यांची तोंडं उतरलेली असतात. मला नॉर्थ पाइन्समध्ये मर्सेड नदीकाठची जी एकुलती एक रात्र मिळाली, ती कुणीतरी आठवडाभर आधी सोडलेली होती म्हणून. तेव्हा जायचं नसेल तर आजच बटण दाबा. दहा डॉलर तसेही जाणार आहेत.

प्रश्न : हवाईतल्या माउई बेटावर हालेआकाला ज्वालामुखीच्या माथ्यावरून सूर्योदय बघायला जायचं आहे. सॅन होजेच्या आमच्या लेकीने स्वतःच्या नावाने बुकिंग केलं होतं, पण तिला आता सुट्टी नाही. आम्ही दोघं आणि जावई जाणार. तिच्या बुकिंगवर सोडतील का? नसेल तर पैसे परत? आणि आकाश ढगाळ निघालं तर?
— एक ज्येष्ठ दांपत्य, पुणे (कोथरूड)

उत्तर : नाही, नाही, आणि नाही. पण घाबरू नका.

ज्याच्या नावाने बुकिंग, तो माणूस फोटो ओळखपत्रासह गाडीत हवाच. लेक कॅलिफोर्नियात आणि बुकिंग तिच्या नावाचं, तर पहाटे तीनला गेटवरून गाडी वळवावी लागेल. वळणावळणाचा घाट चढून वर पोचायचं आणि मागे फिरायचं, हे मी वैऱ्यालाही सांगणार नाही. पैसे परत मिळत नाहीत, पण ते आहेत गाडीमागे एक डॉलर. त्यासाठी ईमेल लिहू नका.

जावयांच्या नावाने नवीन बुकिंग करा. साठ दिवस आधीचा साठा संपला असेल, तरी दोन दिवस आधी सकाळी सातला पुन्हा थोडी बुकिंगं सोडतात. ते सात हवाईचे. उन्हाळ्यात लेकीच्या घड्याळात तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात, तेव्हा तिला सुट्टी नसली तरी एवढं काम तिच्यावर सोपवता येईल. बुकिंग फक्त पहाटे तीन ते सात या वेळेत आत शिरणाऱ्या गाड्यांना लागतं. सातनंतर जाणाऱ्याला नुसता प्रवेश, गाडीला ३० डॉलर, आणि ती पावती तीन दिवस चालते. ती जपून ठेवा, दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताला त्याच पावतीवर जाता येतं.

ढगांचं विचारलंत म्हणून आमची गोष्ट सांगते. माथा दहा हजार फुटांच्या वर आहे. हवाई म्हणजे चप्पल आणि फुलाफुलांचे शर्ट, अशा समजुतीत आम्ही गेलो. नशिबाने मी बॅगेत सोलापुरी चादर कोंबली होती. पहाटे साडेचारला आम्ही दोघं एका चादरीत उभे आणि समोर दुधात पाणी ओतावं तसं सगळं पांढरं. सहा वाजले, सव्वासहा वाजले, उजेड झाला, सूर्य काही दिसला नाही. हे म्हणाले, "एका डॉलरात अजून काय हवं होतं तुला?" माणसं गाड्यांकडे परतली. आमचा चहा थर्मासमध्ये शिल्लक होता म्हणून आम्ही बसून राहिलो, आणि सातनंतर ढग खाली बसले. खालचं तांबूस विवर अख्खं उघडं पडलं. बघायला उरलेली माणसं होती जेमतेम आठ-दहा. तेव्हा थर्मास मोठा न्या. ढगांसाठी परतावा नाही.

प्रश्न : आमच्याकडे वार्षिक पास आहे, तरी रॉकी माउंटन पार्कला वेळेच्या बुकिंगचे २ डॉलर घेतले. वर त्या दिवशी बर्फामुळे ट्रेल रिज रोड बंद. दोन्ही कारणांनी पैसे परत मागावेत का?
— एक वाचक, डेन्व्हर

उत्तर : मागू नयेत. पास म्हणजे गेटचे पैसे, ते दोन डॉलर रांगेचे. पासवाल्यालाही रांग आहे. आणि तो रस्ता बारा हजार फुटांवर जातो. तिथे जूनमध्येही बर्फ पडतो. पार्क उघडं होतं, एक रस्ता बंद होता. डेन्व्हरला राहून हे मला विचारताय?

प्रश्न : आई-बाबा येणार म्हणून त्यांच्यासाठी परदेशी पाहुण्यांचा २५० डॉलरचा वार्षिक पास ऑनलाइन घेतला. त्यांचा व्हिसा नाकारला गेला. आता?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : वाईट वाटलं वाचून. पासाचे पैसे परत मिळत नाहीत, आणि तो दुसऱ्याला विकता किंवा देता येत नाही. पास घेतल्यापासून वर्षभर चालतो, म्हणजे त्या मुदतीत पुन्हा अर्ज करून ते आले तर उपयोग होईल.

बाकीच्यांसाठी सांगते. २०२६ च्या १ जानेवारीपासून अमेरिकेत न राहणाऱ्यांसाठी दर बदलले आहेत. ग्रँड कॅनियन, यलोस्टोन, योसेमिटी, झायन अशा अकरा पार्कांत पास नसलेल्या परदेशी पाहुण्याला नेहमीच्या प्रवेशावर माणशी १०० डॉलर जास्त पडतात, सोळा वर्षांखालच्या मुलांना नाही. इथल्या रहिवाशांचा पास मात्र ८० चाच आहे. एवढा फरक बघून मुलं घाईघाईने आधीच पास घेऊन ठेवतात. पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का बघितल्याशिवाय घेऊ नका. तंबूच्या जागा संपतात, तसा पासांचा साठा काही संपत नाही.

प्रश्न : गेल्या वर्षी ग्रँड कॅनियनला आग लागली होती. आमचं यंदाचं बुकिंग आहे. तसं काही झालं तर सगळं बुडालं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : उलट, तेव्हाच पूर्ण परतावा मिळतो. २०२५ च्या जुलैत नॉर्थ रिमवर विजेने लागलेली आग पसरली, तिथलं जुनं ग्रँड कॅनियन लॉज जळून गेलं आणि तो भाग उरलेला पूर्ण हंगाम बंद राहिला. अशा वेळी पार्कच कॅम्पग्राउंड बंद करतं, म्हणून सरकारी साइटवरच्या बुकिंगचे सगळे पैसे येतात, ते दहा डॉलरही न कापता. त्यासाठी ईमेल आणि फोन नंबर बरोबर दिलेला असू द्या, निरोप तिथेच येतो.

गोची होते ती धुराने. पार्क उघडं आहे, पण दोनशे फुटांवरचं दिसत नाही आणि यांना दमा आहे. अशा वेळी तुम्ही रद्द केलंत तर ते तुमचं रद्द करणं, नेहमीची कात्री लागते. पार्कातली हॉटेलं खासगी कंपन्या चालवतात, यलोस्टोनला एक, योसेमिटीला दुसरी, आणि त्यांचे नियम त्यांचे. हॉटेलच्या बुकिंगची मेल छापून घ्या आणि रद्द करण्याच्या मुदतीखाली लाल रेघ मारा.

प्रश्न : माझ्या इथल्या क्रेडिट कार्डावरून मुलाने कॅम्पिंगचं बुकिंग केलं, नंतर रद्द केलं. दहा डॉलर कापले ते कळलं, पण त्याहूनही कमी रुपये जमा झाले. फसवणूक म्हणावी का?
— एक निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : सर, हा माझ्या जुन्या काउंटरचा प्रश्न. फसवणूक नाही. तिकडून पैसे डॉलरमध्ये परत येतात आणि रुपयात ते त्या दिवसाच्या दराने होतात. खरेदीला त्या वेळचा दर लागला, त्यावर बँकेने परकीय चलनाचं शुल्क घेतलं आणि त्या शुल्कावर जीएसटी. रद्द झाल्यावर ते शुल्क बहुधा परत करत नाहीत. स्टेटमेंटवर ही रक्कम वेगळ्या ओळीत असते, दोन्ही पानं शेजारी ठेवून बघा. मुलगा तिकडेच राहत असेल तर पुढच्या वेळी त्याचंच कार्ड वापरू द्या, आणि तुम्ही त्याला शेंगदाण्याची चटणी न्या.

प्रश्न : योसेमिटीतला हाफ डोमचा कडा चढायच्या परवान्याच्या लॉटरीत नंबर लागला नाही. अर्जाचे १० डॉलर परत येतात का?
— एक वाचक, सिएटल

उत्तर : येत नाहीत, ते अर्जाचे असतात. दिवसाला तीनशेच माणसांना कड्यावरची केबल धरून चढू देतात आणि अर्ज मार्च महिन्यात भरतात. परवाना मिळाला तर माणशी पैसे वेगळे भरायचे, आणि अर्जात ज्याचं नाव म्होरक्या किंवा पर्यायी म्होरक्या म्हणून आहे, त्यातला एक जण बरोबर हवा.

आमच्या जावयाचा नंबर तीन वर्षं लागलेला नाही. यंदा तो चौथ्यांदा अर्ज भरणार आहे, आणि मागच्या आठवड्यात मला म्हणाला, "आई, या वेळी तुमच्या नावाने भरू का?"