एमटी-३२ काही खेळांत गप्प का राहते?

प्रश्न : माझ्याकडे डॉसवर चालणारा ४८६ संगणक असून त्यात साउंड ब्लास्टर १६ हे कार्ड आहे. नुकतेच जपानहून रोलँडचे एमटी-३२ हे खेळांचे संगीत वाजवणारे मॉड्यूल मागवले आणि गेमपोर्टच्या तयार मिडी केबलने (मिडी म्हणजे वाद्यांना स्वरांच्या आज्ञा पाठवण्याची पद्धत) ते कार्डाला जोडले. १९९३ नंतरचे खेळ वाजतात, पण वाद्ये भलतीच ऐकू येतात. १९९० च्या आसपासचे काही खेळ सुरू होतानाच अडकतात, तर काहींच्या वेळी मॉड्यूलच्या पडद्यावर ‘बफर ओव्हरफ्लो’ असे उमटते. केबल बदलूनही फरक पडला नाही. मॉड्यूल बिघडले आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मॉड्यूल बिघडलेले नाही आणि केबलचाही दोष नाही. बफर, म्हणजे आलेले संदेश तात्पुरते ठेवण्याची जागा, भरल्याची तक्रार पडद्यावर येते, त्या अर्थी संदेश मॉड्यूलपर्यंत नीट पोचत आहेत. आपल्या तिन्ही तक्रारींची कारणे मात्र वेगवेगळी आहेत, त्यामुळे एकाच उपायाने त्या जाणार नाहीत.

त्याआधी अ‍ॅडॉप्टरविषयी, कारण ते आपण पत्रात लिहिलेले नाही. जपानी अ‍ॅडॉप्टर १०० व्होल्टचा असतो आणि आपल्याकडच्या २३० व्होल्टवर तो लावल्यास जळतो. इथे ९ व्होल्ट डीसीचा नवा अ‍ॅडॉप्टर घेणे उत्तम. पण त्याच्या पिनेचा आतला भाग ऋण आणि बाहेरचा धन हवा. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळणारे बरेचसे अ‍ॅडॉप्टर नेमके याच्या उलट असतात. म्हणून मॉड्यूलवरची खूण पाहून आणि मल्टीमीटरने तपासूनच तो जोडावा.

आता भलत्या वाद्यांविषयी. एमटी-३२ बाजारात आले १९८७ मध्ये, तर कोणत्या क्रमांकाला कोणते वाद्य हे ठरवणारी ‘जनरल मिडी’ ही सर्वमान्य यादी आली १९९१ मध्ये. जनरल मिडीत २५ हा क्रमांक नायलॉन तारांच्या गिटारचा आहे, पण एमटी-३२ मध्ये त्याच क्रमांकावर सिंथेसायझरचा ब्रास आहे. साहजिकच संगीतकाराने गिटारसाठी लिहिलेली ओळ आपल्याला तुतारीसारखी ऐकू येते. खेळाच्या सेटअपमध्ये एमटी-३२ चा वेगळा पर्याय असेल तर तो निवडावा. नसेल, तर तो खेळ या मॉड्यूलसाठी नाहीच असे समजावे. त्यासाठी जनरल मिडी जाणणारे रोलँडचेच १९९१ चे एससी-५५ मॉड्यूल हवे. पुढेमागे ते मिळाले, तर एमटी-३२ च्या ‘थ्रू’ या जोडणीतून पुढे जोडता येईल.

अडकणाऱ्या खेळांचा प्रश्न अधिक खोल आहे. रोलँडने १९८४ मध्ये एमपीयू-४०१ हा मिडी इंटरफेस काढला. त्यात स्वतःचा प्रोसेसर होता आणि कोणता स्वर केव्हा पाठवायचा याचा हिशेब तोच ठेवत असे. याला ‘इंटेलिजंट मोड’ म्हणतात. दुसरा ‘यूएआरटी मोड’ अगदी साधा आहे: आलेला बाइट पुढे ढकलायचा, एवढेच त्याचे काम. एमटी-३२ साठी संगीत देणारे सुरुवातीचे बहुतेक खेळ पहिला मोड गृहीत धरून लिहिलेले आहेत, आणि आपले कार्ड मिडीसाठीच्या ३३० या पत्त्यावर फक्त दुसरा जाणते. खेळ आज्ञा देतो, कार्डाकडून अपेक्षित उत्तर येत नाही आणि खेळ तिथेच ताटकळतो.

यावर ‘सॉफ्टएमपीयू’ हा छोटा प्रोग्राम आहे. तो स्मृतीत राहून इंटेलिजंट मोडची नक्कल करतो आणि कार्डाला समजेल अशा साध्या रूपात संदेश पुढे देतो. त्याला ३८६ किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, तेव्हा आपल्या ४८६ वर अडचण नाही. मात्र डॉसच्या कॉन्फिग फाइलमधून ईएमएम३८६ हा स्मृतीची व्यवस्था पाहणारा प्रोग्राम आधी चढवलेला असला पाहिजे. साउंड ब्लास्टरचा पत्ता आणि इंटरप्ट क्रमांक (कार्ड ज्यावरून प्रोसेसरचे लक्ष वेधते तो) प्रत्यक्ष कार्डावर असेल तोच त्याला सांगावा.

बफरची तक्रारही हाच प्रोग्राम सोडवतो. त्या काळचे खेळ सुरू होताना स्वतः घडवलेले नाद ‘सिस्टिम एक्सक्लुझिव्ह’ संदेशांतून मॉड्यूलमध्ये भरत असत. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट इतका ठरलेला आहे, पण पहिल्या घडणीच्या एमटी-३२ ला या लांब संदेशांच्या मध्ये थोडी उसंत लागते. ती न मिळाल्यास पुढचे संदेश गळतात. मागच्या बाजूला हेडफोनचे छिद्र नसेल, तर आपले मॉड्यूल पहिल्या घडणीचे आहे. सॉफ्टएमपीयूला ‘डिलेसिसेक्स’ हा पर्याय द्यावा. खेळ सुरू व्हायला थोडा अधिक वेळ लागेल, तो लागू द्यावा. एवढ्यावरून मॉड्यूल बदलून नव्या घडणीचे घेऊ नये असे मी आग्रहाने सांगेन, कारण काही सुरुवातीचे खेळ पहिल्या घडणीच्या वागण्यावरच बेतलेले आहेत आणि नव्या घडणीवर त्यांचे संगीत बिघडते.

चाचणी घेताना पडद्याकडे लक्ष ठेवावे. तिथे १ ते ५ हे आकडे आणि ‘आर’ हे अक्षर दिसते. स्वर आला की त्या-त्या आकड्याच्या जागी क्षणभर भरीव चौकोन लुकलुकतो. चौकोन दिसतो पण आवाज नाही, असे झाले तर दोष मिडीत नसून स्पीकरकडे जाणाऱ्या तारेत शोधावा. चाचणीची फाइल मात्र मिडीच्या पहिल्या चॅनेलवरची (चॅनेल म्हणजे संदेशांचा एकेक स्वतंत्र मार्ग) नसावी, कारण हे मॉड्यूल मुळात २ ते १० याच चॅनेलांवर ऐकते.

एका खेळाने भरलेले नाद मॉड्यूल बंद करेपर्यंत आत तसेच राहतात. त्यामुळे दुसरा खेळ लावण्यापूर्वी ते एकदा बंद करून पुन्हा चालू करावे, आणि पडद्यावर नेहमीची ओळ आल्यावरच खेळ सुरू करावा.