पहिल्या पानापासून सुरुवात नको

मार्क्स निसर्गाबद्दल काय म्हणतो हे समजून घ्यायचंय, तर त्याचं ‘भांडवल’ पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नकोस, मूल्याच्या प्रकरणातच दमशील. १८६७च्या पहिल्या खंडात यंत्रांवरचं लांबलचक प्रकरण आहे, त्याचा शेवट आधी वाच. धान्य शहरात जातं, पण त्यातली पोषणद्रव्यं मातीत परतत नाहीत, हा मुद्दा मार्क्सने रसायनशास्त्रज्ञ लीबिगकडून उचलला. ‘चयापचयातली फूट’, म्हणजे माणूस आणि निसर्ग यांच्यातली देवाणघेवाण तुटणं, ही कल्पना यातूनच आली. ती रूढ केली मात्र अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जॉन बेलामी फॉस्टरने, खूप नंतर.

मग १८७५ची गोथा कार्यक्रमावरची, म्हणजे जर्मन कामगार पक्षाच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यावरची, मार्क्सची टीका. संपत्तीचा उगम श्रमाइतकाच निसर्गातही आहे, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. संपत्ती (उपयोगी वस्तू) आणि मूल्य (मार्क्सच्या मते वस्तूत घातलेलं सामाजिक श्रम) यांत गल्लत करू नकोस, निम्मे वाद (माझेसुद्धा!) तिथेच अडकले. अमेरिकन मार्क्सवादी जेम्स ओ'कॉनरचा ‘दुसरा अंतर्विरोध’, म्हणजे भांडवलशाही ज्या निसर्गावर उभी आहे त्याचीच नासाडी करते हा मुद्दा, सावकाश वाच. आणि ‘समाजवादी राजवटीतही निसर्गाची हानी झालीच ना?’ म्हणून कुणी सोव्हिएत काळात आटत गेलेल्या अरल समुद्राबद्दल विचारलं, तर विषय बदलू नकोस.