पाखंड : पंथ, पाप की ढोंग?

प्रश्न असा आहे : ‘पाखंडी’ म्हणजे नास्तिक की ढोंगी? हल्ली बातम्यांत अंगारेधुपारे करणारा प्रत्येक बुवा ‘पाखंडी’ ठरतो, आणि ते ऐकून कान किटतात. मराठीत ‘भोंदू’ हा नेमका शब्द असताना हिंदीतला अर्थ उसना कशाला आणायचा? तुकोबांच्या ‘धर्माचें पाळण । करणें पाषांड खंडण’ या ओळीत धर्मबाह्य मत हाच अर्थ आहे.

खरी मौज मात्र त्याहून जुनी आहे. गिरनारच्या बाराव्या शिलालेखात अशोक ‘सव पासंडानि’, म्हणजे सर्व पंथांना, दान देऊन पूजितो आणि आपल्या पासंडाची उगाच स्तुती व दुसऱ्याच्या पासंडाची निंदा करू नये, असे बजावतो. जिथे माणूस ‘आपला पासंड’ म्हणू शकतो, तिथे त्या शब्दात शिवी कुठून असणार? पुढे मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात मात्र पाषंडींचा ‘वाङ्मात्रेणापि नार्चयेत्’, नुसत्या शब्दानेही सत्कार करू नये, अशी आज्ञा येते, आणि नवव्या अध्यायात तर त्यांना जुगाऱ्यांच्या पंगतीला बसवून नगराबाहेर घालवायला सांगितले आहे. वेद न मानणाऱ्या पंथांचे सामान्यनाम अशा रीतीने पापाचे नाव झाले.

या पापाला जुन्या पंडितांनी व्युत्पत्तीही पुरवली : ‘पा’ म्हणजे पालन करणारा वेदधर्म, त्याचे खंडन करतो तो पाखंड. हिला व्युत्पत्ती म्हणण्यापेक्षा आरोपपत्र म्हणावे, कारण या शब्दात ‘खंड’ मुळी नव्हताच. गिरनारला स्वच्छ ‘स’ आहे, संस्कृतात त्याचा ‘ष’ झाला, आणि उत्तरेत ‘ष’चा उच्चार ‘ख’ करण्याची रीत असल्यामुळे ‘पाखंड’ झाला. म्हणजे आधी उच्चार बदलला आणि मागाहून गुन्हा सापडला! मला स्वतःला ‘पर्षद्’ म्हणजे सभा आणि ‘पार्षद’ म्हणजे त्या सभेतला, ही जोडणी पटते. ‘द’च्या जागी ‘ंड’ कसा आला, ही अडचण उरते हे मान्य. तरीही ‘पा’चे खंडन करण्यापेक्षा ती शतपट बरी.

आता ढोंगाविषयी. मनूच्या त्याच चौथ्या अध्यायातल्या श्लोकात पाषंडींच्या शेजारी ‘बैडालव्रतिक’ आणि ‘बकवृत्ती’, म्हणजे मांजराचे व्रत पाळणारे आणि बगळ्यासारखे ध्यान लावणारे, बसवले आहेत, आणि अशा शेजारामुळेच पाषंडींना ढोंगाचा वास लागला असावा, असे मला वाटते. तेव्हा सगळा दोष हिंदीच्या माथी मारता येत नाही. बातमीतल्या बुवाला मात्र भोंदूच म्हणावे.